फ्रीजमधून जळका वास येतो तेव्हा: दोष शोधण्याची सविस्तर पद्धत

फ्रीजजवळ जळका वास आला, तर तो कुठून येतो हे शोधण्याआधी फ्रीजची वीज तोडावी. सांगायला हे सोपे आहे, पण बहुतेक घरांत याच्या उलट घडते. माणूस आधी फ्रीजच्या मागे डोके घालून हुंगतो, दार दोन-तीनदा उघडून पाहतो आणि वास थोडा कमी झाला की ‘गेला असेल’ असे म्हणून आपल्या कामाला लागतो. फ्रीज बंद करायला हात धजत नाही, कारण आतले अन्न नासेल अशी भीती असते. ही भीती मुळात अवाजवी आहे. दार बंद ठेवले, तर फ्रीजच्या कप्प्यातले अन्न साधारण ४ तास सुरक्षित राहते. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर त्यातले गोठलेले पदार्थ सुमारे ४८ तास टिकतात आणि निम्माच भरलेला असेल तर सुमारे २४ तास. शांतपणे तपासणी करायला आणि मेकॅनिकला बोलावायला हा वेळ पुरेसा आहे.

वीज कुठून तोडावी

सॉकेटचा स्विच थंड असेल आणि आजूबाजूला धूर नसेल, तर तिथला स्विच बंद करून प्लग काढावा. मात्र सॉकेट हाताला गरम लागत असेल, त्यातून तडतड ऐकू येत असेल किंवा प्लगचे प्लॅस्टिक मऊ पडलेले दिसत असेल, तर त्याला हात लावू नये. वितळलेला प्लग ओढला की कधीकधी आवरण हातात येते आणि पिना सॉकेटमध्येच अडकून राहतात, आणि त्या पिनांत वीज असू शकते. अशा वेळी मुख्य बोर्डावरचा त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, खाली पाडावा. तो कोणता हे ठाऊक नसेल, तर मुख्य स्विचच बंद करावा.

ज्वाळा दिसत असतील, तर दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. घरातल्या सर्वांना बाहेर काढावे, निघताना खोलीचे दार ओढून घ्यावे आणि बाहेर आल्यावर अग्निशमन दलाला फोन करावा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी असेल, आग वीतभरच असेल आणि आपल्या पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल, तरच ते वापरावे. फ्रीजच्या भिंतींत पॉलियुरेथेनचा फोम भरलेला असतो. तो पेटला की झपाट्याने जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

१४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ जणांचा बळी घेणाऱ्या आगीची सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, मोठ्या फ्रीजमधल्या विद्युत दोषातून झाली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. आग इमारतभर पसरली ती इमारतीच्या बाह्य आवरणामुळे. पण चौकशीपुढे साक्ष देणाऱ्या विद्युत तज्ज्ञाने मूळ कारण म्हणून ज्या गोष्टीकडे बोट दाखवले, ती होती कॉम्प्रेसरच्या रिलेजवळ (रिले म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) नीट न दाबलेली, तापणारी एक वायरजोडणी. वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या नखाएवढ्या धातूच्या जोडतुकड्याचे, म्हणजे थिंबलचे, महत्त्व याहून वेगळे सांगायची गरज नाही.

एमसीबी पडला नाही, म्हणजे धोका नाही असे नव्हे

‘काही गंभीर असते तर एमसीबी पडला असता’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि ते चुकीचे आहे. एमसीबी पडतो तो ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहिला तर. आरसीसीबी पडतो तो वीज जमिनीकडे गळाली तर. सैल पडलेल्या किंवा गंजलेल्या जोडणीत यांपैकी काहीच घडत नाही. प्रवाह नेहमीइतकाच असतो, फक्त तो अरुंद वाटेतून रेटला जातो आणि ती जागा तापते.

एक हिशेब करून पाहू. १५० वॉटचा फ्रीज २३० व्होल्टवर चालताना साधारण ०.६५ अँपिअर प्रवाह घेतो. सॉकेटमधल्या सैल पिनेचा रोध अर्धा ओहम धरला, तर एवढ्या प्रवाहाने तिथे पाव वॉटसुद्धा उष्णता तयार होत नाही. आता त्याच सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड लावून फ्रीजबरोबर २००० वॉटची पाणी तापवायची किटली चालवली, की त्या जोडणीतून नऊ अँपिअरहून जास्त प्रवाह जाऊ लागतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती ४० वॉटच्या पुढे जाते. म्हणजे सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या पोटात! शिवाय सॉकेटमधली पिन पकडणारी, तापलेली पितळी पट्टी हळूहळू आपला ताण गमावते, पकड आणखी ढिली पडते, रोध आणखी वाढतो आणि दोष स्वतःलाच वाढवत जातो. म्हणून फ्रीजसाठी भिंतीतला स्वतंत्र सॉकेट असावा, ही सूचना मनापासून पाळावी.

वास ओळखणे

वास हा पुरावा आहे आणि तो अर्ध्या तासात विरून जातो. फ्रीज बंद केल्याबरोबर कागदावर चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: वास कशासारखा होता, तो बाहेर जास्त होता की दार उघडल्यावर आत, त्या वेळी कॉम्प्रेसर चालू होता की बंद, आणि नुकतीच वीज जाऊन आली होती का. मेकॅनिकला या चार ओळींचा जितका उपयोग होतो, तितका ‘जळका वास येतो’ या तीन शब्दांचा होत नाही.

सर्वांत फसवा वास माशांचा असतो. प्लग, सॉकेट आणि स्विच ज्या प्लॅस्टिकचे बनवतात, त्यांपैकी काही प्रकार तापून विघटित होऊ लागले की अमाइन वर्गातले वायू सुटतात आणि त्यांचा वास शिळ्या माशांसारखा येतो. आमच्याकडे एकदा दोन दिवस असा वास येत होता. आम्ही कचऱ्याचा डबा धुतला, सिंकची जाळी साफ केली, फ्रीजचे सगळे कप्पे पुसून काढले, तरी वास हटेना. तिसऱ्या दिवशी सहज प्लग काढला, तेव्हा खालच्या एका पिनेभोवती तपकिरी कडे उमटलेले दिसले आणि सॉकेटच्या त्या भोकाची कड मेणबत्तीसारखी ओघळलेली होती. स्वयंपाकघरात मासे नसताना माशांचा वास आला, तर डब्याआधी प्लग पाहावा, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आलो आहे.

रबर किंवा वायर जळल्याचा उग्र वास बहुधा वायरचे आवरण तापल्याचा असतो. गोडसर, तिखट, व्हार्निशसारखा वास आला तर पंख्याच्या छोट्या मोटरचे वायंडिंग, म्हणजे तिच्यातले तारेचे वेटोळे, तापले असावे. क्लोरीनसारखा, नाकाला झोंबणारा वास ठिणग्या पडत असल्याची खूण आहे. धूळ करपल्याचा कोरडा वास त्या मानाने सौम्य असतो. बऱ्याच काळाने फ्रीज सुरू केल्यावर किंवा नव्या फ्रीजच्या पहिल्या एक-दोन दिवसांत तो येऊ शकतो. पण जुन्या, रोज चालणाऱ्या फ्रीजमधून तो वारंवार येत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कॉम्प्रेसरची मोटर पोलादी कवचात पूर्ण बंद असते. तिचे वायंडिंग जळाले, तरी तो वास कवचाबाहेर येत नाही. गॅसची नळी कापल्यावरच तेलाचा आंबट, भयंकर वास सुटतो. म्हणून खोलीत जळका वास आला आणि कोणी मागचे झाकणही न उघडता ‘कॉम्प्रेसर गेला’ असे सांगितले, तर ते मान्य करू नये. कॉम्प्रेसर दोषी असूही शकतो, पण नाकाला जे कळले ते कवचाबाहेरच्या वस्तूंचे होते: रिले, ओव्हरलोड (कॉम्प्रेसरवर जास्त भार आला की वीज तोडणारा भाग), कपॅसिटर, थिंबल, वायर, पंखा, सर्किट बोर्ड, प्लग. यांतले बरेच भाग कॉम्प्रेसरच्या तुलनेत क्षुल्लक खर्चाचे असतात आणि केवळ घाईच्या निदानामुळे चांगले फ्रीज भंगारात जातात, याचे मला फार वाईट वाटते.

तपासणी: बाहेरून आत

पुढची सगळी तपासणी प्लग काढून आणि तो आपल्या डोळ्यांसमोर ठेवूनच करावी. केवळ स्विच बंद करून भागत नाही; घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी हात त्या स्विचकडे जाऊ शकतो, आणि काही ठिकाणी स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असतो. ‘वास परत येतो का बघू’ म्हणून फ्रीज सुरू करून पाहणे ही सर्वांत मोठी चूक आहे. अर्धवट जळालेल्या जोडणीला पुन्हा वीज देणे म्हणजे आगीला दुसरी संधी देणे होय.

आधी प्लगच्या पिना उजेडात धराव्यात. चकाकणाऱ्या पिनेवर काळा थर, निळसर झाक किंवा खड्डे दिसले, तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलावे लागतात. घासून साफ केलेली पिन किंवा नुसता नवा प्लग जुन्या ढिल्या सॉकेटमध्ये घालून उपयोग नाही. त्यानंतर वायर पूर्ण लांबीभर बोटांतून सरकवत न्यावी. कुठे ती कडक, चपटी किंवा चिकट लागते का, फ्रीजच्या पायाखाली दबली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, हे हाताला लगेच कळते. फ्रीजला स्टॅबिलायझर असेल तर तोही हुंगून पाहावा. तो बऱ्याचदा फ्रीजच्या मागे किंवा डोक्यावर असतो, त्यामुळे त्याच्या तापलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास फ्रीजच्या नावावर खपून जातो.

हे सगळे निर्दोष निघाले, तर फ्रीज पुढे ओढावा. तो बंद करून निदान अर्धा तास झालेला असावा, कारण कॉम्प्रेसरचे कवच आणि त्यातून निघणारी नळी चटका बसण्याइतकी गरम असते. मागच्या बाजूला एक पिवळे त्रिकोणी चिन्ह आणि त्यात ज्योत दिसली, तर आत थंड करणारा वायू बहुधा आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन आहे असे समजावे. हा वायू ज्वलनशील, हवेपेक्षा जड आणि जवळजवळ वासहीन असतो, म्हणून जळका वास त्याचा नसतो. त्याचे प्रमाण थोडे, बहुधा १५० ग्रॅमच्या आत असते. तरीही अशा फ्रीजच्या नळ्यांजवळ ज्योत, सोल्डरिंग किंवा टोकदार सुरी नेऊ नये. नळीतून फुसफुस ऐकू आली तर जवळचे कोणतेही बटण न दाबता खिडक्या उघडाव्यात आणि दूरच्या मुख्य बोर्डावरून वीज बंद करावी.

कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या, जाळीवर किंवा कॉम्प्रेसरभोवती धुळीची गादी साचली असेल, तर मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने ती काढावी. धूळ स्वतः क्वचितच जळते, पण ती उष्णता अडवते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि आधीच कमजोर असलेली जोडणी त्यात हार खाते. ज्या फ्रीजमध्ये खाली कंडेन्सरचा पंखा असतो, तिथे त्याचे पाते बोटाने फिरवून पाहावे. ते हलके फिरायला हवे. अडकत, घासत फिरणारा पंखा म्हणजे व्हार्निशच्या वासाचे कारण सापडले असे समजावे.

रिले आणि ओव्हरलोड

इथे जरा थांबायला हवे, कारण साध्या, इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा) नसलेल्या फ्रीजमध्ये जळक्या वासाचे हे नेहमीचे ठिकाण आहे. कॉम्प्रेसरच्या कुशीला प्लॅस्टिकचे एक छोटे झाकण असते. त्याखाली तीन पिनांवर रिले बसवलेला असतो आणि शेजारी ओव्हरलोड. हल्लीच्या रिलेमध्ये नाण्यासारखी एक सिरॅमिक चकती असते. थंड असताना ती सुरुवातीच्या वायंडिंगला वीज देते, क्षणात तापते आणि मग तो मार्ग जवळजवळ बंद करते. चकती पुन्हा थंड व्हायला काही मिनिटे लागतात. म्हणूनच वीज जाऊन लगेच आली की कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही, नुसता गुरगुरतो, त्याचा प्रवाह कित्येक पट वाढतो आणि काही सेकंदांनी ओव्हरलोड ‘टक्’ असा आवाज करून त्याला तोडतो. काही मिनिटांनी पुन्हा गुरगुर, पुन्हा टक्. आवाजांची ही जोडी तासन् तास चालू राहिली, तर त्या टक्करीत रिले, थिंबल आणि ओव्हरलोडची संपर्कपट्टी भाजून निघते.

रिले काढण्याचे काम विजेच्या कामाची सवय असणाऱ्यानेच करावे. शेजारी कपॅसिटर असेल तर तो प्लग काढल्यानंतरही चार्ज धरून राहू शकतो, त्यामुळे त्याच्या टोकांना बोट लावू नये. रिले सरळ ओढून काढावा, वाकवू नये, नाहीतर कॉम्प्रेसरच्या पिनेभोवतीची काच तडकते आणि मग गॅसच गळतो. काढलेला रिले कानाजवळ धरून हलवावा. आत खुळखुळ्यासारखा आवाज आला तर चकती फुटली आहे. मी हाताळलेल्या एका रिलेतून अशीच काळी भुकटी तळहातावर सांडली होती आणि त्याच्या एका बाजूचे पांढरे प्लॅस्टिक पावासारखे भाजून फुगले होते. थिंबलकडेही नीट पाहावे. पितळ जांभळट झाले असेल किंवा वायरचे टोक कडक, काळे पडले असेल, तर नुसता रिले बदलून चालणार नाही. वायरचा जळालेला भाग कापून नवे थिंबल योग्य पक्कडीने घट्ट दाबून बसवायला हवे.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर कॉम्प्रेसरच्या तीन पिनांचे रोध मोजावेत. साध्या कॉम्प्रेसरमध्ये तीनपैकी सर्वांत मोठा आकडा हा उरलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेएवढा यायला हवा. कोणतीही पिन आणि कवच यांच्यात रोध दाखवला गेला, तर वायंडिंग कवचाला लागले आहे आणि तो कॉम्प्रेसर पुन्हा वापरू नये. थंड झालेल्या ओव्हरलोडचा रोध जवळजवळ शून्य यावा. इन्व्हर्टर फ्रीजला यांपैकी बरेच लागू होत नाही. तिथे तिन्ही जोड्यांचे रोध जवळपास सारखे येतात, रिले नसतो आणि संशय मागच्या सर्किट बोर्डावर घ्यावा लागतो. बोर्डावर पाल किंवा झुरळ चिकटून मेलेले असणे, व्होल्टेज उसळल्याने व्हेरिस्टरची (जादा व्होल्टेज झेलणाऱ्या भागाची) चकती काळी पडणे, कपॅसिटरचे डोके फुगणे या खुणा डोळ्यांना दिसतात. पण त्या बोर्डाला घरी हात लावू नये.

एक सक्त सूचना इथेच करतो. ओव्हरलोड सारखा तोडतो म्हणून तो ‘डायरेक्ट’ करून देण्याची पद्धत काही मेकॅनिकांत आहे. फ्रीज तेव्हा सुरू होतो आणि ग्राहक खूश होतो, पण कॉम्प्रेसर जाम झाला तर वीज तोडणारे आता काहीच उरलेले नसते. असे कोणी करू लागला, तर स्पष्ट नकार द्यावा.

वास आतून येत असेल तर

दार उघडल्यावर वास जास्त जाणवला होता, तर तीन जागा पाहाव्यात. जुन्या फ्रीजमधला तारेचा दिवा दार लावल्यावरही पेटलेला राहत असेल, तर त्याचे झाकण तपकिरी पडते. दाराचा स्विच बोटाने दाबून तो मोकळा वर-खाली होतो का, ते पाहावे. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड बर्फ वितळवणारा हीटर असतो आणि तो दिवसातून काही वेळा थोडा वेळ तापतो. त्यावर सांडलेले काही किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा पडला, तर वास ठरावीक अंतराने येतो आणि आपोआप जातो. पण हीटर तोडणारा थर्मोस्टॅट चिकटला असेल, तर हीटर चालूच राहतो आणि आतला पत्रा वाकडा होतो किंवा प्लॅस्टिक फुगते. तिसरी जागा म्हणजे आतला छोटा पंखा. बर्फात अडकलेल्या पंख्याचा टकटक आवाज वासाच्या आधी काही दिवस येत असतो, पण तो कोणी मनावर घेत नाही. आत धूर झाला असेल, तर उघडे ठेवलेले अन्न टाकून द्यावे.

मेकॅनिक आल्यावर आणि गेल्यावर

टिपून ठेवलेल्या चार ओळी त्याला वाचून दाखवाव्यात आणि जळालेला भाग काढून हातात द्यायला सांगावा. नवा भाग त्याच मॉडेलसाठी आणि त्याच क्षमतेचा आहे का, हे कॉम्प्रेसरवरच्या पट्टीशी ताडून घ्यावे. आर-६००ए असलेल्या फ्रीजला ठिणगी बाहेर न येऊ देणारेच विद्युत भाग लागतात. काम संपल्यावर रिलेचे झाकण आणि मागचा पत्रा परत बसवला आहे, हे स्वतः पाहावे. अर्थिंगही तपासून घ्यावे.

फ्रीज पुन्हा लावताना मागे आणि बाजूंना साधारण ५ ते १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. दुरुस्ती दिवसा करून घ्यावी, म्हणजे पहिले काही तास कोणीतरी जागे असते. सुरू केल्यावर तासाभराने, झोपण्यापूर्वी आणि दुसऱ्या दिवशी, असे तीनदा प्लगच्या पाठीवर हात ठेवून पाहावा. तो खोलीतल्या भिंतीइतकाच थंड लागायला हवा. किंचितही कोमट लागला, तर फ्रीज पुन्हा बंद करावा आणि या वेळी मेकॅनिकऐवजी वायरमनला बोलावून सॉकेटच्या मागची जोडणी उघडून पाहायला सांगावी.